वेसालियसच्या लेखात 'शवविच्छेदन' चालेल का?

लेखणीबहाद्दर
ज्ञानकोशासाठी सोळाव्या शतकातला शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस वेसालियस याच्यावरच्या लेखाचा मसुदा सुधारतोय. पहिल्याच परिच्छेदात "तो पादुआ येथे स्वतः शवविच्छेदन करी" असं वाक्य आहे. पुढे "सात खंडांचा ग्रंथ", "हृदयाच्या पडद्यातील छिद्रे" आणि "कोरीव चित्रे". चारही शब्द खटकतायत. काय ठेवावं?

अस्थिपंजर
'शवविच्छेदन' बदलाच. "मृतदेह शवविच्छेदनासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवला" हे रोज वाचणाऱ्याला त्यातून एकच कळतं: मृत्यू कशाने झाला याचा तपास. वेसालियसला मरणाचं कारण नको होतं. स्नायू हाडाला कुठे चिकटतो, रक्तवाहिनी कुठून निघून कुठे जाते, हे त्याला पाहायचं होतं. नुसतं 'विच्छेदन' पुरे. पहिल्यांदा येईल तिथे 'शरीररचना अभ्यासण्यासाठी मृतदेहाचे विच्छेदन' असं पूर्ण लिहा. 'चिरफाड' नको, त्यात थर सोडवत जाण्याचं कौशल्य दिसत नाही.

आणि 'स्वतः'ला आधार द्या. तोवरची रीत अशी की प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचणार, कापणार न्हावी-शल्यक, आणि तिसरा कुणी छडीने अवयव दाखवणार. हे सांगितल्याशिवाय त्या 'स्वतः'ला वजन येत नाही.

वाळा
मसुद्याच्या तळाशी "सुश्रुतानेही विच्छेदन सांगितले आहे" अशी ओळ कुणी घातली असेल तर तीही तपासा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थान या विभागातल्या पाचव्या अध्यायात प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. सात रात्रींनी ते पुरतं कुजलं की वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत पाहायचं. यात सुरी नाही. 'मृतदेहाचे परीक्षण' म्हणा.

अस्थिपंजर
बरोबर. आता 'खंड'. १५४३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ओपोरिनस या मुद्रकाने छापलेलं ते एकच दांडगं पुस्तक आहे, साडेसहाशेहून जास्त पानांचं. 'सात खंड' म्हटलं की मराठी वाचकाला कपाटात ओळीने सात पुस्तकं दिसतात. 'सात भाग' लिहा: हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पोटातले व जननाचे अवयव, हृदय-फुप्फुसं, मेंदू. हाच विच्छेदनाचा क्रम असं मात्र लिहू नका. प्रेत टिकावं म्हणून जाहीर विच्छेदनं हिवाळ्यात होत, आणि एकच प्रेत असेल तर आधी पोट उघडण्याची रीत होती, कारण आतडी सगळ्यांत आधी कुजतात.

ठसेवाला
'कोरीव चित्रे'ने घोटाळा होतो. वेसालियसची चित्रं लाकडी ठशांची: रेघ उठावाची ठेवून आजूबाजूचं लाकूड कोरून काढायचं, आणि ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर, एकाच दाबात छापायचा. त्याच काळातला इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्ताकी याची चित्रं तांब्याच्या पत्र्यावरची; तिथे रेघच खोदलेली असते, शाई खाचेत भरते आणि छपाई वेगळ्या यंत्रावर होते. पहिल्याला 'काष्ठठसा', दुसऱ्याला 'ताम्रपट-खोदचित्र' म्हणा. 'ताम्रपट' एकटा नको, वाचक शिलाहार राजांच्या दानपत्रांकडे जाईल.

अस्थिपंजर
'पडदा' सगळ्यांत घातक. कानाचा पडदा, छाती-पोटामधला पडदा, आणि वर काही जण झडपेलाही पडदाच म्हणतात. इथे हवा 'दोन जवनिकांमधला पडदा'; जवनिका म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे. त्यांनाच 'निलय' म्हणत असाल तर लेखभर तेच ठेवा. त्याहून मोठी गडबड क्रियापदात आहे. "छिद्रे नाहीत हे त्याने १५४३ मध्ये सिद्ध केले" हे चूक. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते रक्त त्या पडद्यातून उजवीकडून डावीकडे झिरपायचं. १५४३ च्या आवृत्तीत वेसालियस इतकंच म्हणतो की डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटांनी रक्त पाझरतं, हे निर्मात्याचं नवल. उघड शंका त्याने १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतली. म्हणून पहिल्याला 'आश्चर्य व्यक्त केले', दुसऱ्याला 'शंका घेतली'; 'सिद्ध केले' कुठेच नको.

तीच गत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची. गॅलेनने ते माणसातही मानलं होतं; खरं तर ते मेंढी-बैलात असतं, माणसात नसतं. "त्याने सुरुवातीपासून गॅलेनला खोडले" असं वाक्य असेल तर उडवा: १५३८ च्या तक्त्यांत त्याने स्वतःच माणसात ते जाळं दाखवलं होतं, नाकारलं ते १५४३ मध्ये.

लेखणीबहाद्दर
चारही बदलतो. माहितीचौकटीत 'राष्ट्रीयत्व: बेल्जियन' आहे, ते?

वाळा
काढा. जन्म १५१४, ब्रुसेल्स. बेल्जियम देश झाला १८३० साली. 'फ्लेमिश' लिहा, आणि 'व्हेसेलियस', 'वेसेलियस' या नावांवरून पुनर्निर्देशन द्या.