भेरूघाट: गुन्हा वळणाचा की रस्त्याचा?

सुदामानगरी: इंदूर-खंडवा रोडवरचे बोगदे एकदाचे सुरू होऊ देत, भेरूघाटातून सुटका होईल. वळण म्हणजे मृत्यूचा सापळा. रस्ता फुटपट्टीसारखा सरळ हवा, बस्स.

रामबागकर: दोन दिवस गप्प बसलो, पण ती फुटपट्टी डोक्यातून जाईना. रस्त्याच्या कामावर ३१ वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माणूस वळणाने मरत नाही, न सांगता आलेल्या वळणाने मरतो. गाडी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ऐवजी ६० ने वळलात तर तो दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. त्याला धरून ठेवायला दोनच गोष्टी असतात: टायरची पकड आणि बाहेरची कड उचलून दिलेला उतार. सपाट मुलखात ही कड ७ टक्क्यांपर्यंत उचलतात, डोंगरात १० पर्यंत. ७ टक्क्यांच्या हिशेबाने ताशी १०० ला साधारण ३६० मीटर त्रिज्या लागते, ६० ला १३०. चार-पाच ऐसपैस वळणं देऊन मध्येच एक आवळलेलं वळण ठेवलं, तर ड्रायव्हर फसणारच.

दुसरं पाप डांबराच्या नव्या थराचं. थर टाकताना वळणावरही मधे उंच आणि दोन्हीकडे उतार असंच करून मोकळे होतात. मग उजव्या वळणावर आपली लेन बाहेरच्या अंगाला आणि तिचा उतारही बाहेरच. पावसात बघा, पाणी कुठे वाहतं ते. जिकडे पाणी जातं, तिकडेच गाडी जायला बघते.

सरळच हवा म्हणता, तर समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटर, आणि लांबच लांब सरळ पट्ट्यांत डोळा लागतो म्हणून चालवणारेच घाबरतात.

सुदामानगरी: काका, त्रिज्या-बिज्या ठीक आहे. माझा मावसभाऊ त्याच घाटात गेला. २६ वर्षांचा होता. पुढून ट्रेलर वळला, त्याची मागची चाकं आमच्या लेनमध्ये आली. तुमच्या उचललेल्या कडेने तो वाचला असता का? वळणच नसतं तर वाचला असता.

रामबागकर: वाईट वाटलं. मनापासून. पण लांब गाडीची मागची चाकं आतून कापत येतात, हे आम्हाला माहीत असतं. म्हणून तर वळणावर रस्ता जादा रुंद करायचा असतो. तो केला नसेल तर दोष तिथे आहे.

महूची_ताई: रुंदी, कड, सगळं मान्य. रात्री दिसतं काय? माझे मिस्टर सिमरोलकडून स्कूटरवर येत होते. समोरून अप्पर मारत जीप आली, वळणाची कडच दिसली नाही, सरळ नाल्यात. सात महिने अंथरुणावर होते. बाहेरून बसवलेल्या पांढऱ्या एलईडींवर आधी बंदी आणा, मग फुटपट्टी काढा.

पलासिया_रायडर: ताई, एलईडी नसली तर आम्हाला खड्डा दिसत नाही. कंपनीचा पिवळा दिवा पावसात शून्य.

महूची_ताई: म्हणजे तुम्हाला खड्डा दिसावा म्हणून समोरच्याने नाल्यात जायचं?

पलासिया_रायडर: असं म्हटलं का मी? मी डिपर देतो. नेहमी देतो.

परदेशीपुरा_दादा: सगळेच देतात म्हणे. काल एबी (आग्रा-मुंबई) रोडवर ११ गाड्या मोजल्या, एकाने दिला नाही. आणि वळणावर दिवा वळत नाही, तो सरळच जातो. डाव्या वळणावर गाडी येत असली की झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणून वळणाच्या आधीच खाली करायचा असतो, समोरचा दिसल्यावर नाही.

पलासिया_रायडर: हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. लायसन्सच्या वेळी आठ काढायला लावला आणि सोडलं. यापुढे आधी खाली करेन. पण ताई, सगळे रायडर खुनी असल्यासारखं बोलू नका.

महूची_ताई: नाही बोलत. मिस्टर अजून काठी घेऊन चालतात, म्हणून आवाज चढला.

सुदामानगरी: दिव्यावर पन्नास प्रतिसाद, मूळ मुद्दा गेला बाजूला. काका, मग एबी रोडवरच्या गणपती घाटाचं काय? तिथे तर वळणं फार नाहीत.

रामबागकर: माझंच म्हणणं सांगितलंत. तिथे मारतो तो उतार. भरलेला ट्रक ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ब्रेक तापतात, धरेनासे होतात. म्हणूनच उतरणाऱ्या गाड्यांसाठी कमी उताराचा, लांबून जाणारा नवा रस्ता करावा लागला. उंची तीच, पण अंतर वाढवलं की उतार सौम्य होतो. डोंगरात अंतर वाढवायचं तर रस्ता वळवावा लागतो. वळण हा तिथे उपाय आहे.

सुदामानगरी: लांबून गेल्याने उतार कमी होतो, एवढं मानतो. बोगदा तरी हवाच.

रामबागकर: बोगद्याला माझा विरोध नव्हताच, आधी नीट लिहिलं नाही. ट्रेलर बोगद्यातून जाऊ देत. पण घाटातल्या गावांची माणसं जुन्याच रस्त्याने जाणार, आणि बोगदा झाल्यावर त्या रस्त्याकडे कुणी बघणार नाही. तिथली कड, रुंदी, वळणावरचे बाणफलक, आतल्या बाजूची झुडपं, हे आत्ताच मागून घ्या.

सुदामानगरी: काल पाऊस होता, मुद्दाम थांबलो. भाऊ गेला त्याच वळणावर. पाणी बाहेर, दरीकडे वाहत होतं. व्हिडिओ घेतला आहे. अर्ज कसा लिहायचा ते सांगा, सही पहिली माझी.