वॉकर म्हणजे चालणारा नव्हे. मग या आडनावातून कळतं तरी काय?

कोयना (धागाकर्ती)

जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा लाल कोट आणि उंच टोपी घातलेला, काठी घेऊन झपाझप निघालेला माणूस सगळ्यांनी पाहिलाय. ते चित्र १९०८ सालचं. मूळ जॉन वॉकर स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकचा किराणा दुकानदार, दुकान १८२० पासूनचं. चित्रकाराने आडनाव शब्दशः घेतलं आणि चालणारा माणूस काढला. मी नऊ वर्षं लीड्सजवळ राहतेय. इथे शाळेच्या प्रत्येक हजेरीत एखादा तरी वॉकर असतो, आणि त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना आपले पूर्वज फार चालत असतील असंच वाटतं.

वॉकर चालायचा, पण एकाच जागी, हौदात. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते सैल आणि तेलकट असतं. त्यावर पाणी, शिळं मूत्र आणि एक विशिष्ट माती घालून तासन् तास पायांनी तुडवायचं. मूत्रातला अमोनिया आणि ती माती मिळून तेल काढतात, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं. मग लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. (ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती. तशीच माती इंग्लंडात सरे आणि बेडफर्डशरमध्ये निघायची, आणि सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती, इतकं तिचं मोल.) जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कान’ म्हणजे लोळवणं, घुसळणं. ते काम करणारा तो वॉकर.

खरी गंमत पुढे आहे. याच कामाला इंग्लंडात तीन शब्द होते. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर. आग्नेयेला आणि नॉरफक-सफकच्या बाजूला फुलर, लॅटिन ‘फुल्लो’वरून आलेला. डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्येच्या पट्ट्यात टकर; त्याच्या मुळाशी छळणं, पिडणं असा अर्थ असलेलं क्रियापद. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशे पाहिले तर पाचशे वर्षांनंतरही ही वाटणी डोळ्यांना दिसते.

म्हणून माझं मत असं की वॉकर हे आडनाव बोलीचा नकाशा म्हणून वाचावं. घराण्याची कुंडली म्हणून त्याचा उपयोग नाही. इथे पर्यटनाच्या प्रत्येक गावात आडनावाचा अर्थ आणि ‘घराण्याचं कुलचिन्ह’ छापलेले कप विकतात, ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं. इंग्लंडात कुलचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला कधीच मिळत नाही. कापड तुडवणाऱ्या शेकडो वेगवेगळ्या माणसांना एका ढालीखाली आणून विकणं ही फसवणूक आहे.

पिंपळपान

कपांबद्दल सहमत, बाकी असहमत. नकाशा म्हणताना तुम्ही माणूसच पुसून टाकलात.

इंग्लंडातल्या सामान्य माणसांची आडनावं साधारण १२५० ते १४०० या काळात वंशपरंपरेने चालू लागली. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या तुमच्याच वेस्ट रायडिंगच्या (यॉर्कशरचा लीड्सकडचा भाग) फार चांगल्या टिकल्या आहेत. त्यांत अनेक ठिकाणी नावासमोर धंदा लिहिलाय, आणि आडनाव एक नि धंदाही तोच अशा जोड्या सापडतात. म्हणजे नाव ताजं होतं तेव्हा ते खरं होतं.

दुसरं. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे इंग्लंडात बाराव्या शतकातच आले. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेची ११८५ ची नोंद आहे, तिच्यात टेंपल न्यूसमला अशी गिरणी आहे. टेंपल न्यूसम लीड्सलाच आहे, तुम्ही तिथे फिरूनही आला असाल. तेव्हापासून पाय बाजूला पडत गेले आणि हातोडे कापड कुटू लागले. तरी ते काम करणाऱ्याला लोक वॉकरच म्हणत राहिले. शब्दातली चाल गेली, धंदा उरला. मग धंदा सांगणं हेच या नावाचं काम होतं, नाही का?

आणि ज्या माणसाने आयुष्यभर मुतात उभं राहून दुसऱ्याचं कापड दाट केलं, त्याची चित्रं नाहीत, पत्रं नाहीत, थडगं नाही. एक शब्द उरलाय. तोही ‘बोलीचा नमुना’ म्हणून कपाटात ठेवायचा, हे मला पटत नाही.

रानवाटा

मी वेगळंच वाचलं होतं. राजाच्या राखीव जंगलांचे भाग पाडलेले असत, त्यांना ‘वॉक’ म्हणत, आणि त्या भागाचा राखणदार तो वॉकर. कापडापेक्षा हे सरळ वाटतं. काही वॉकर तरी जंगलराखे असणारच ना?

कोयना

@रानवाटा, जंगलाचे ‘वॉक’ होते हे खरंय. पण आडनाव त्यावरून आलं असतं तर वॉकरांची दाटी हॅम्पशरच्या न्यू फॉरेस्टभोवती किंवा ग्लॉस्टरशरच्या डीनच्या जंगलाकडे दिसायला हवी होती. दाटी आहे ती उत्तरेत आणि मध्य इंग्लंडात. त्याहून पक्का पुरावा म्हणजे जिथे फुलर आणि टकर दाट आहेत तिथे वॉकर विरळ होतो. एकाच मडक्याच्या तीन खापऱ्या असाव्यात तशी ही नावं एकमेकांच्या कडांना जुळतात. जंगलराख्यांचं नाव असतं तर त्याने फुलर-टकरसाठी जागा का सोडली असती?

एक अपवाद मात्र मीच सांगते. न्यूकॅसलला टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिथला शब्द वेगळा, रोमन भिंतीजवळची दलदल अशा अर्थाचा. त्या गावावरून नाव पडलेल्या माणसाचा कापडाशी काहीही संबंध नाही.

@पिंपळपान, टेंपल न्यूसमला मी गेलेय आणि तिथे हे माहीत नव्हतं, त्याबद्दल आभार. पण तुमच्या १३७९ ला माझं १४१३. त्या वर्षी कायदा झाला की खटल्याच्या कागदांत माणसाच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिलंच पाहिजे. आडनाव वाचून धंदा कळत असता तर वेगळा लिहायला कशाला सांगितलं असतं? चौतीस वर्षांचंच अंतर आहे. तुमच्याच डोईपट्टीच्या यादीत आडनाव एक नि धंदा भलताच असलेली माणसंही आहेत. म्हणजे तेव्हाच नाव धंद्यापासून सुटू लागलं होतं.

माणदेशी

मी लोकरीच्या मुलखातला. आमच्याकडे घोंगडी विणतात, आणि लोकर पसरून, भिजवून, गुंडाळून दाबत दाबत जेन करतात, त्यामुळे दाट होणारी लोकर हाताला माहीत आहे. वॉकरचं काम वाचताना वासासकट कळलं.

एक सांगतो. ‘आडनाव म्हणजे नुसता नकाशा’ असं कोयनाताई म्हणू शकतात ते इंग्लंडबद्दल बोलताहेत म्हणून. वॉकरच्या पोराला पाद्री व्हायला, बेकरच्या पोरीशी लग्न करायला आडनावाने अडवलं नाही. आपल्याकडे धंद्याच्या आडनावाने माणसाला पाणवठ्यावर अडवलंय. म्हणून इथलं वाचताना तिथलं मोजमाप लावू नका, आणि तिथलं वाचताना इथलंही नको.

काळी माती

मी अटलांटाजवळ राहते, आणि मला तुम्हा दोघांशीही भांडायचंय.

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त वॉकर होते, आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आडनावाच्या वाटेवर ना हौद आहे, ना यॉर्कशरची बोली. मालकाचं नाव लागलं असेल, ओळखीच्या घराण्याचं घेतलं असेल, १८६५ नंतर गुलामगिरीतून मुक्त झाल्यावर कागदावर लिहायला स्वतः निवडलं असेल. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. तिथे पिंपळपानांचा धंदाही लागू नाही आणि कोयनाचा नकाशाही.

पण म्हणून ते आडनाव पोकळ झालं का? डेव्हिड वॉकरने १८२९ मध्ये बोस्टनमधून गुलामगिरीविरुद्ध जे पत्रक काढलं ते दक्षिणेतल्या मालकांना इतकं जाळत गेलं की ते बाळगण्यावर बंदी आणली गेली. १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या सॅरा ब्रीडलव्हने चार्ल्स जोसेफ वॉकर या नवऱ्याचं नाव लावून केसांच्या औषधांचा धंदा उभा केला, मॅडम सी. जे. वॉकर म्हणून. नवऱ्याशी फारकत झाली तरी नाव ठेवलं, कारण तोवर ते तिचं झालं होतं. इथल्या कुणाला ‘वॉकर’ म्हटलं की ती आठवते. तुम्ही चौदाव्या शतकात थांबता आणि पुढचं सगळं सोडून देता. मला हे अन्यायाचं वाटतं. आडनावाचा उगम एकदा होतो, पण अर्थ पुन्हा पुन्हा भरला जातो.

इथले सगळे गोरे वॉकरही इंग्लंडचे नाहीत. जर्मनमध्येही कापड तुडवणाऱ्याला वाल्करच म्हणतात.

शून्यप्रहर

जनुकांच्या बाजूने थोडं. लेस्टर विद्यापीठाचं २००९ चं संशोधन आहे. ४० आडनावं, सोळाशेवर ब्रिटिश पुरुष, आणि बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलेलं. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बहुसंख्य पुरुष एकाच पूर्वजाकडे जातात. स्मिथ आडनावाचे दोघे मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकेच परके निघतात. वॉकर हे इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या विसांतलं आडनाव, तेव्हा ते स्मिथच्या बाजूला बसणार. गावोगावी वेगळे कापड तुडवणारे होते, त्या प्रत्येकापासून वेगळी फांदी निघाली. कुंडली नाही हे कोयनाचं म्हणणं इथे टिकतं.

पिंपळपान

टिकतं, पण माझ्याच बाजूने टिकतं. गावोगावी वेगळे वॉकर निघाले, याचा अर्थ गावोगावी तो धंदा होता. एकाच माणसाचा वंश पसरला असता तर नावावरून धंद्याचा विस्तार कळला नसता. आज आपण म्हणू शकतो की लोकरीचं कापड उत्तरेत खेड्याखेड्यात तयार होत होतं. हे मला बोलीइतकंच मोलाचं वाटतं.

१४१३ च्या कायद्याचा मुद्दा मात्र मान्य. १४०० नंतरच्या वॉकरबद्दल नुसत्या नावावरून धंद्याचा दावा मी करणार नाही.

कोयना

@काळी माती, तू म्हणतेस ते लागलं मला. मी ‘नकाशा’ म्हणताना १८८१ चा नकाशा धरून बसले होते, जणू त्यानंतर काही घडलंच नाही. १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावरचे दोघे फुलर बंधू नॉरफकमधल्या रेडनहॉलचे होते. ते उदाहरण माझ्या वाटणीत चपखल बसतं म्हणून मी ते घेऊन मिरवणार होते. मॅडम वॉकर बसत नाही, म्हणून तिचा विचारही केला नव्हता. तेव्हा माझं विधान ब्रिटनपुरतं, आणि तेही १८८१ पर्यंतचं, असं घ्या.

ब्रिटनमध्येही सगळीकडे नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषेत ‘मॅक अन फूकादर’ म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा असं नाव होतं, आणि इंग्रजीत लिहिताना त्याचं वॉकर केलं गेलं. तिथे बोलीचा नकाशाही फसवतो, कारण वर इंग्रजी आणि खाली गेलिक. पण धंदा बरोबर निघतो! तिथे पिंपळपान जिंकले. (त्याच मुलखातल्या बेटांवर बायका ओलं कापड फळीवर आपटत ठेक्यात गाणी म्हणायच्या. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला ती गाणी लगेच कळतात, एक शब्द समजला नाही तरी.)

आणि वेल्स. तिथे कापड तुडवणाऱ्याला ‘पन्नुर’ म्हणत, पण बापाचं नाव पुढे लावायची रीत असल्याने धंद्याची आडनावं फारशी रुजलीच नाहीत. तुडवणारे तिथेही तेवढेच होते. त्यांची आठवण गावांच्या नावांत आहे. ‘पँडी’ म्हणजे कापड कुटायची गिरणी, आणि टोनीपँडी हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं गाव.

पिंपळपान

वेल्सचं उदाहरण मी विसरलो होतो. आडनाव नसलं म्हणून धंदा नव्हता असं नाही, हे त्यातून दिसतं आणि माझ्या दाव्याला तेवढी कात्री लागते. पण उलट बाजू मी सोडत नाही. एक्सिटरला विणकर, टकर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची १४७१ ची इमारत अजून उभी आहे आणि तिला टकर्स हॉलच म्हणतात. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गाव आहे. डेव्हनच्या टकरला मी आजही ‘तुमचा शब्द कापडाचा’ असं सांगेन, आणि मग बोलीबद्दल.

रानवाटा

जंगलराख्याचं मागे घेतो. न्यूकॅसलच्या दलदलीतल्या वॉकरांची १८८१ ची दाटी वेगळी काढून पाहता येते का? तिथून निघालेली घराणी आणि यॉर्कशरहून वर सरकलेली घराणी एकाच रंगात रंगवली असतील तर कोयनाच्या नकाशाची वरची कड तपासायला हवी.

कोयना

त्या नकाशावरून तरी नाही. त्यात आडनाव एकच, रंग एकच. जुन्या याद्यांत नावाआधी ‘चा’ अशा अर्थाचा लॅटिन ‘दे’ असेल तर ते गावावरून आलेलं, आणि नसेल तर बहुधा कापडावरून. म्हणजे पुन्हा चौदाव्या शतकातले कागद उघडायचे. डोईपट्टीची यादी मी वेस्ट रायडिंगच्या माझ्या गावापासून वाचायला घेतलीय. पहिल्या पानावर वॉकर एकही नाही.