मदत हवी आहे: सावळी त्वचा आणि पैठणीची जर, एकाच प्रकाशात

जोड-पोर्ट्रेटची मालिका करतेय. तीच बाई, तीच बैठक. एका फ्रेममध्ये नऊवारी पैठणी आणि नथ, दुसरीत शर्ट-ट्राउझर. दोन्हींत प्रकाश आणि एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) तंतोतंत सारखं हवं. नऊवारीला सोनेरी मऊ उजेड आणि शर्टाला थंड, करकरीत उजेड दिला, की 'पारंपरिक बाई, आधुनिक बाई' हा साचा फोटोग्राफरच तयार करतो. मालिका नेमकी त्याच्याच विरोधात आहे.

फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, एफ/८, आयएसओ १००. एकच फ्लॅश, ९० सेंमी ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारी अष्टकोनी पेटी), दीड मीटरवर, ४५ अंशात.

गालावर एक्सपोजर बरोबर ठेवलं की खांद्यावरच्या पदराची जर जळते, म्हणजे फोटोत पांढरीफटक होते. रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) वेलबुट्टी परत येत नाही, नुसता पांढरा पट्टा. पाऊण स्टॉप कमी केलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तर गालाची सावलीतली बाजू राखेसारखी पडते, आणि नंतर एडिटिंगमध्ये उजळली की तांबूसपणा जातो.

नुसता लेन्सवरचा पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून पाहिला; चमक धातूची असल्यामुळे फरक नगण्य. फ्लॅशवरही पोलरायझिंग शीट लावून लेन्सचा फिल्टर ९० अंशांत फिरवला, तेव्हा जर शांत झाली, पण त्वचेची चमकही मेली आणि चेहरा सपाट झाला.

दोन एक्सपोजर जोडायचे नाहीत, उजळ मेकअप नाही, दुसरा फ्लॅश नाही. काळे-पांढरे थर्माकोल आहेत.

फिल्टर ६०-७० अंशांवरच थांबवावा, की ऑक्टाबॉक्स आणि खांद्याच्या मध्ये काळी जाळी (तेवढ्या भागावरचा उजेड कमी करणारं जाळीदार कापड) धरावी? जाळी असेल तर खांद्यापासून किती अंतरावर, म्हणजे तिची कड हनुवटीखाली दिसणार नाही?