लस टोचूनही उंदरांना गाठी येताहेत, मदत हवी आहे (जरा लवकर!)

स्नेहा_बडोदा: एमएस्सीचा प्रोजेक्ट. मारलेल्या कॅन्सरपेशी उंदरांना टोचल्या, दोन आठवड्यांनी दुसऱ्या कुशीत जिवंत पेशी दिल्या. लसवाल्यांना आणि कंट्रोलला (लस न दिलेल्यांना) सारख्याच गाठी. काय चुकतंय? सोमवारी गाइडना दाखवायचंय. ‘सर्च करा’ म्हणू नका, करून झालंय.

निवृत्त_मास्तर: पेशी कुठल्या? उंदीर कुठल्या जातीचे? मारल्या कशा? हे गाळून विचारलंत तर ज्योतिषीच गाठा.

स्नेहा_बडोदा: बी१६-एफ१०, उंदराच्या मेलानोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरच्या) पेशी, अजून काय! द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, वितळवून, पुन्हा पुन्हा.

पिपेटवाला: फ्रीझ-थॉ (गोठवणं-वितळवणं) सोडा. मायटोमायसिन-सी वापरा, पेशींचं विभाजन थांबवणारं औषध. आम्ही कायम तेच करतो.

निवृत्त_मास्तर: आणि धुणं कच्चं राहिलं की औषध उंदराच्या अंगात! गॅमा किरण द्या. पेशी विभागत नाही, पण काही काळ जिवंत राहून प्रतिजनं (प्रतिकारशक्ती ओळखते ते रेणू) दाखवते.

पिपेटवाला: गॅमा किरणांसाठी लागणारा कोबाल्ट काय रावपुऱ्यात किलोवर मिळतो?

सेवउसळप्रेमी: मूत्राशयाच्या कॅन्सरला बीसीजी देतात ना? तीच टोचा की. बाकी बडोद्यात सेव-उसळ सध्या कुठली चांगली?

स्नेहा_बडोदा: 🙏 मुद्द्यावर या ना कुणीतरी.

मंजिरी_ग्वाल्हेर: उंदीर काळेच ना, सी५७बीएल/६ जातीचे? मग तुमचा निकाल बरोबरही असेल. बी१६ मुळातच मख्ख, प्रतिकारशक्तीच्या नजरेत येत नाही: प्रतिजनं दाखवणारं प्रथिन, एमएचसी वर्ग १, पृष्ठभागावर फार कमी. ड्रॅनॉफ आणि मंडळींनी १९९३ मध्ये दाखवलंय: नुसत्या किरण दिलेल्या बी१६ने फारसं संरक्षण मिळत नाही, तीच पेशी जीएम-सीएसएफ (प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन) स्रवू लागली की मिळतं. पद्धत तपासायची तर बाल्ब/सी जातीच्या उंदरांत सीटी२६ (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी) घ्या. आणि टोचण्याआधी पेशी पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) नीट धुवा, नाहीतर उंदीर पेशी वाढवायच्या द्रवातल्या गाईच्या सीरमवरच चिडायचे.

स्नेहा_बडोदा: हो, काळेच. पण नवी जात म्हणजे पुन्हा एथिक्स कमिटी. सोमवार आहे हो ताई!

निवृत्त_मास्तर: सोमवारी ‘बी१६ हे अवघड मॉडेल’ म्हणून आलेख दाखवा. पण जिवंत पेशी किती दिल्यात, ते अजून सांगितलं नाहीत.

स्नेहा_बडोदा: ५ लाख. लवकर दिसाव्यात म्हणून.

मंजिरी_ग्वाल्हेर: अगं, मग थोडंफार संरक्षण आलं असेल तरी त्यात बुडून गेलं! १ लाखावर ये. आणि गाठ आहे-नाही एवढंच मांडू नकोस, कॅलिपरने मोजलेले गाठीचे रोजचे आकडे टाक इथे.

पिपेटवाला: मायटोमायसिनचं मी अजूनही म्हणतोय.