'जेनेटिक ड्रिफ्ट'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई: शाळांसाठी उत्क्रांतीवरची पुस्तिका मराठीत करतेय. 'जेनेटिक ड्रिफ्ट', म्हणजे निव्वळ योगायोगाने पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचं प्रमाण बदलत जाणं, याला 'जनुकीय विचलन' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे संख्याशास्त्रातलं 'प्रमाण विचलन' (स्टँडर्ड डेव्हिएशन) शिकलेली मुलं गोंधळतील. मग काय लिहू?

तांडेल: 'वाहवणं'. इंजिन बंद पडलं की होडी वाहवते, आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

गणितवाला: होडीला प्रवाह एका दिशेला नेतो, इथे दिशाच नसते. पोत्यात निम्मी लाल, निम्मी पांढरी चवळी. डोळे मिटून दहा दाणे उचला. सात लाल, तीन पांढरे आले. पुढचं पोतं याच प्रमाणात भरा, परत दहा उचला. असं करता करता एक रंग कायमचा संपतो. लाल चांगला होता म्हणून नव्हे, नुसता योगायोग. दहाऐवजी दहा हजार उचलले तर प्रमाण जेमतेम हलतं. म्हणून 'जनुकीय सोडत'.

जुनापिंपळ: सोडत एकदा निघते आणि संपते, हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. 'यादृच्छिक अपवाह' घ्या. संस्कृत शब्द बऱ्याच भारतीय भाषांत चालतो.

तांडेल: पोरं 'अफवा' वाचतील!

रानजाई: 'बॉटलनेक' पण अडलंय, म्हणजे वस्ती एकदम घटून मोजकेच जीव उरणं. 'बाटलीचा गळा' कसंतरीच वाटतं.

घाटवाट: 'खिंड' म्हणा. मायक्रोनेशियातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आलं, वादळ आणि मागोमागच्या उपासमारीतून वीसेक माणसं उरली. रंग न दिसण्याचं जनुक त्यांच्यात होतं, आज तिथे शेकडा पाच-दहा जणांना रंग अजिबात दिसत नाहीत. अख्खी वस्ती खिंडीतून गेली. 'चाळणी' मात्र नको. चाळणी निवडते, वादळाने कुणाला निवडलं नव्हतं.

जुनापिंपळ: खिंड छान. पण 'पॉप्युलेशन'ला परवा कुणीतरी 'माश्यांची लोकसंख्या' लिहिलेलं वाचलं. 'समष्टी' हवं.

गणितवाला: समष्टी म्हटलं की वेदान्ताचं प्रवचन आठवतं.

सातपुडा: शब्दांवरून आठवलं. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला होतो. एका आजोबांना सांगितलं, "तुम्ही वाहक आहात." ते म्हणाले, "नाही, शेती करतो. एसटीत पुतण्या आहे." मग बसून समजावलं. आईकडून एक जनुक, बापाकडून एक. तुमचं एकच बदललेलं, म्हणून आजार नाही. दोघं नवराबायको तसे असतील तर दर बाळाला आजाराची शक्यता चारात एक.

गणितवाला: आणि हा ड्रिफ्ट नव्हे बरं का. एकच तसं जनुक असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो, म्हणून ते टिकलं. ही निवड.

घाटवाट: 'वाहक'ऐवजी काय म्हणता मग?

सातपुडा: रिपोर्टवर 'एएस' असतं (एक जनुक साधं 'ए', एक सिकलचं 'एस'), तेच. आजोबांनी घरी सांगितलं, "मला अर्धा सिकल आहे."

जुनापिंपळ: अर्धा आजार असा नसतो. चूक रुजू देऊ नका, 'वाहक'च समजावून सांगा.

सातपुडा: नातीचं लग्न ठरवताना त्यांनीच मुलाकडच्यांना आधी तपासणी करून यायला सांगितलं. त्या 'अर्ध्या'वरूनच.