सिंथ पिकअपसाठी गिटार कोरणं हा खरंच गुन्हा आहे?

सहावी_तार:
परवा एकाने लिहिलं होतं, "सिंथ पिकअपसाठी लाकूड कोरणाऱ्याचं वाद्यावर प्रेमच नसतं. जीके-३ चिकटवा आणि गप्प वाजवा." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. (नवख्यांसाठी: सिंथ पिकअप प्रत्येक तारेचं कंपन वेगळं टिपून सिंथेसायझरला देतो, म्हणजे गिटारवर बासरी-सनईचे आवाज काढता येतात. जीके-३ हा रोलँडचा, गिटारवर वरून टेपने चिकटवायचा असा पिकअप.)

पाच वर्षं मी जीके-३ चिकटवूनच वाजवली. मे महिन्यातल्या एका लग्नात स्टेजवर उकाड्याने टेपचा गोंद सैल झाला आणि पिकअप पहिल्या तारेच्या बाजूने खचला. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये १ मिमी अंतर ठेवायचं असतं, ते बिघडलं. वरचे सूर लागेनात आणि बासरीच्या पॅचवर (सिंथमधल्या बासरीच्या आवाजावर) अख्खं कडवं मुकं गेलं. त्याच आठवड्यात मी जीके किट, म्हणजे तसाच पिकअप गिटारच्या आत बसवायचा संच, बसवून घेतला. कंट्रोल कॅव्हिटी (नॉबच्या वायरिंगची पोकळी) कोरून वाढवली, सिंथच्या केबलचं १३ पिनचं सॉकेट कडेला गेलं. माझं गिटारवर प्रेम नाही, हे मला कोणी सांगू नये.

जुनंलाकूड:
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. वडिलांनी घेऊन दिलेली माझी गिटार एका कारागिराने कोरली. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) घसरला आणि मागच्या बाजूला भोक आरपार गेलं. टेप सैल झाली तर नवी लावता येते. लाकूड परत येतं का?

मींडवाला:
तुम्ही दोघं लाकडावर भांडताय, पण ज्यासाठी कोरायचं ते चालतं कुठे? खालची ई म्हणजे ८२ हर्ट्झ. तिचं एक कंपन पुरं व्हायलाच १२ मिलिसेकंद जातात. सूर ओळखून मिडी (कुठला सूर वाजवायचा हे सिंथला सांगणारा डिजिटल संदेश) पाठवेपर्यंत तबला पुढे गेलेला असतो. आणि मींड घेतली की जिन्यावरून उतरल्यासारखे सुटे सूर!

सहावी_तार:
जिना ऐकू येतो कारण तुमचं सेटिंग चुकलंय. मोनो मोड लावा, म्हणजे प्रत्येक तारेला वेगळा मिडी चॅनल मिळतो. मग गिटारच्या बाजूला आणि सिंथमध्ये बेंड रेंज (सूर किती अर्धस्वर सरकू शकतो ती मर्यादा) सारखीच ठेवा, दोन्हीकडे २४. एकीकडे २४ आणि दुसरीकडे २ असेल तर मींड बेसूरच होणार.

मींडवाला:
केलंय सगळं. गंधारावरचं आंदोलन तरीही निर्जीव वाटतं. माझे गुरुजी ऐकून फक्त म्हणाले, "हे यंत्र गातंय, तू नाही." त्यानंतर केबल काढून ठेवली.

ठाण्याची_ताई:
मींडवाले दादा, मिडी सोडा ना! १९८० च्या जीआर-३०० या रोलँडच्या गिटार सिंथमध्ये मिडी नव्हतंच, तारेचा सिग्नल थेट ऑसिलेटर (आवाज निर्माण करणारं सर्किट) हाकायचा. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीचा तो तुतारीसारखा स्वर त्याच यंत्रातला, आणि तिथे प्रत्येक बेंड जिवंत वाटतो. बॉसच्या एसवाय-१००० या गिटार सिंथमध्येही त्याच यंत्राची नक्कल आहे. मी त्यावर मारवा वाजवते, हात मागे राहिलाय असं कधी वाटलं नाही.

आणि ऑर्केस्ट्रात सनई, बासरी, व्हायोलिन सगळं कीबोर्डवाल्याकडे, गिटारवालीने फक्त कॉर्ड धरायच्या, याचा मला वर्षानुवर्षं राग आहे. म्हणून हे पिकअप मला हवंच.

जुनंलाकूड:
ताई, राग पटला. पण तुम्ही कोरलीत का?

ठाण्याची_ताई:
नाही. पिएझो सॅडल्स, म्हणजे ब्रिजवर तारेखालीच कंपन टिपणाऱ्या बैठका, टाकल्या. मूळ सॅडल्स डबीत जपून ठेवल्यात. प्रीअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) बोर्ड मात्र कॅव्हिटीत कसाबसा मावला, आणि हाताचा तळवा ब्रिजवर टेकला की भलतेच सूर उमटतात. सेन्सिटिव्हिटी तारेगणिक लावण्यात तीन संध्याकाळी गेल्या.

मींडवाला:
मिडीशिवायचं ऐकून पाहीन. मिडीबद्दलचं माझं मत तेच.

सहावी_तार:
जुनंलाकूड, तुमच्या गिटारचं ऐकून वाईट वाटलं. वडिलांची असती तर मीही कोरली नसती, एवढं मान्य. माझी कारखान्यातली साधी गिटार होती, तिच्यावर मला हक्क आहे.

जुनंलाकूड:
साध्या गिटारवर करा, माझी हरकत नाही. पण आधी कारागिराला फळकुटावर राउटर चालवून दाखवायला सांगा, आणि खोलीचा स्टॉपर लावल्याशिवाय त्याला गिटारला हात लावू देऊ नका. मी ते विचारलं नव्हतं.