मदत हवी आहे: वित्तक्षेत्रातून वारसा संस्थेच्या मानद अध्यक्षपदाकडे

नमस्कार. बरीच वर्षे लेखापरीक्षण आणि अंदाजपत्रकांच्या कामात घालवल्यानंतर मी एका वारसा जतन संस्थेचे मानद अध्यक्षपद स्वीकारत आहे. हिशेब चोख ठेवणे, एका कामासाठी आलेली देणगी दुसऱ्या कामाकडे न वळवणे, हे अंगवळणी पडलेले आहे. अडचण वेगळीच आहे. पाहणीच्या वेळी मी एका जुन्या भिंतीच्या दुरुस्तीचा पक्का खर्च विचारला, तेव्हा ज्येष्ठ सदस्यांनी वरचा सिमेंटचा गिलावा बोटांनी ठोकून त्याचा पोकळ आवाज ऐकवला आणि तो उतरवल्याशिवाय आतला चुना किती भुसभुशीत झाला आहे हे कळणार नाही, असे शांतपणे सांगितले. जिथे पुरावा संपून निव्वळ अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतले तत्त्व वाचून तर मला माझी कामाची पद्धतच नव्याने तपासावीशी वाटते.

अशा कामाचे अंदाजपत्रक टप्प्याटप्प्याने मंजूर करावे की आकस्मिक खर्चाची मोठी तरतूद आधीच ठेवावी? आणि वेतन न घेता, केवळ जिव्हाळ्यापोटी राबणाऱ्या सदस्यांना मुदती कशा घालून द्याव्यात? (मला हा प्रश्न पैशांपेक्षाही अवघड वाटतो.) असा बदल केलेल्यांनी पहिल्या वर्षाचे अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.